अँजिओप्लास्टीला पूर्ण गुण, पाठपुराव्याला दोन : पुण्यातील एका हृदयरुग्णालयाचे परीक्षण

रुग्णालयांची परीक्षणे बहुधा रुग्ण घरी आल्याच्या दिवशी किंवा त्या आठवड्यात लिहिली जातात. त्यामुळे त्यांत डॉक्टरांचे कौशल्य, खोलीची स्वच्छता, कर्मचाऱ्यांची वागणूक आणि बिलाचा आकडा एवढेच येते. हृदयविकाराच्या बाबतीत एवढ्यावरून मत बनवणे अपुरे आहे, कारण अँजिओप्लास्टी करून स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी, बसवण्याचे काम थोड्या वेळात उरकते, पण तो स्टेंट उघडा राहावा, हृदयाचे पंपिंग सुधारावे आणि दुसरा झटका येऊ नये यासाठीचे काम पुढे वर्षभर आणि काही बाबतींत आयुष्यभर चालते. म्हणून पुण्यातील ज्या खासगी हृदयरुग्णालयात माझ्या वडिलांवर उपचार झाले, तेथील उपचारांबद्दल आणि घरी सोडल्यानंतरच्या देखरेखीबद्दल, म्हणजे पाठपुराव्याबद्दल, मी सहा महिने उलटून गेल्यावर लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही. आमचे लेखी निवेदन तेथील व्यवस्थापनाकडे आहे, आणि इतरत्र उपचार घेतलेल्या नातेवाइकांशी व गावकऱ्यांशी बोलल्यावर असे दिसते की खाली सांगितलेल्या बहुतेक उणिवा एका इमारतीपुरत्या नाहीत.

आधी जे उत्तम झाले ते सांगणे न्यायाचे होईल. वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी हृदयविकाराचा तीव्र झटका आला. सातारच्या डॉक्टरांनी ईसीजी पाहताच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले आणि पुण्याला हलवण्याचा सल्ला दिला. हे अंतर सुमारे ११० किलोमीटरचे आहे, आणि जिथे तातडीची अँजिओप्लास्टी वेळेत होणे शक्य नसते तिथे आधी इंजेक्शन आणि मग २४ तासांच्या आत अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांतील अडथळे दाखवणारी तपासणी, हा जगभर मान्य असलेला मार्ग आहे. पुण्यातील रुग्णालयाने तो काटेकोरपणे पाळला. रुग्णवाहिका दारात येण्यापूर्वीच कागदपत्रे व्हॉट्सॲपवर मागवून घेतली होती, मनगटातून तपासणी झाली, एलएडी या मुख्य धमनीतील अडथळा दूर करून एक औषधयुक्त स्टेंट बसवण्यात आला, आणि अँजिओग्राफीची चित्रे पडद्यावर दाखवत डॉक्टरांनी आईला समजेल अशा मराठीत सारे सांगितले.

बिलाबाबतही तक्रार नाही. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. त्या वेळी औषधयुक्त स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती आणि पुढे ती वेळोवेळी सुधारली गेली. स्टेंटचे नाव, बॅच क्रमांक आणि किंमत बिलात वेगळी दाखवणे तेव्हापासून अपेक्षित आहे. आमच्या बिलात ती तशी होती, वेष्टणावरील स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेले होते आणि किंमत चालू मर्यादेच्या आत होती. अतिदक्षता विभागातील सिस्टर आणि मावशी यांच्याबद्दल तर आमच्या घरात आजही कृतज्ञतेने बोलले जाते. उपचाराच्या या भागाला मी पाचपैकी पाच गुण देईन.

अडचण घरी सोडण्याच्या दिवशी सुरू झाली. सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी ‘आज सुटी’ असे सांगितले आणि त्यानंतरचा दिवस विमा कंपनीची मंजुरी, बिलाचा हिशेब, परत करायची औषधे आणि सह्या यांत गेला. तो वेळ लागतो, हे आम्ही गृहीत धरले होते. खेद या गोष्टीचा वाटतो की एवढ्या प्रतीक्षेच्या अखेरीस, म्हणजे सगळेच थकलेले आणि खाली गाडी उभी असताना, औषधांची माहिती काही मिनिटांत, खाटेजवळ उभ्याउभ्या दिली गेली. ज्या दिवसभर आम्ही बिलिंगच्या खिडकीसमोर बसून होतो, त्याच दिवशी अण्णा आणि आई वॉर्डात रिकामे बसले होते. समजावण्यासाठी त्याहून चांगली वेळ पुन्हा मिळणार नव्हती.

डिस्चार्ज कार्ड संपूर्ण इंग्रजीत होते. अँजिओग्राफीचा तपशील असा नेमका की कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाने समाधान मानावे; पण ज्यांनी त्या कार्डावर पुढचे महिने काढायचे, त्या दोघांसाठी त्यात फारसे काही नव्हते. गोळ्यांपुढे ‘ओडी’, ‘बीडी’, ‘एचएस’, ‘एसओएस’ अशी संक्षिप्त अक्षरे होती. अण्णा निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना इंग्रजी वाचता येते. तरीही ‘एचएस’ म्हणजे झोपताना, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. तातडीच्या प्रसंगी संपर्क म्हणून जो क्रमांक छापला होता तो स्वागतकक्षाचा होता. कोणती लक्षणे दिसल्यास थांबू नये, कोणती दिसल्यास दुसऱ्या दिवशी फोन केला तरी चालेल, याबद्दल एक ओळही नव्हती. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांतच डिस्चार्जच्या कागदावर तातडीची मदत केव्हा आणि कशी घ्यावी हे लिहिलेले असावे अशी अपेक्षा आहे, आणि या रुग्णालयाच्या दर्शनी भागात ते मानांकन अभिमानाने लावलेले आहे.

या कार्डातील सर्वांत गंभीर दोष मात्र भाषेचा नव्हता. प्रत्येक औषधापुढे ‘कालावधी’ असा रकाना होता आणि त्यात सरसकट ‘१५ दिवस’ असे छापलेले होते. पहिल्या तपासणीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या द्याव्यात, एवढाच त्यामागचा हेतू असणार आणि संगणकप्रणाली तो आकडा आपोआप भरत असणार. परंतु वाचणाऱ्याला त्याचा अर्थ सरळ कळतो : पंधरा दिवस घ्या आणि थांबवा. स्टेंट बसवलेल्या रुग्णासाठी याहून धोकादायक गैरसमज क्वचितच असेल. झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, म्हणजे ॲस्पिरीन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक, साधारणपणे १२ महिने एकत्र घ्याव्या लागतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर हा काळ कमी करतात, पण तो निर्णय त्यांचा असतो. स्टेंटच्या धातूवर धमनीचे आतले अस्तर पुरते चढेपर्यंत रक्त त्याला परक्या वस्तूप्रमाणे वागवते, आणि गोळ्या मध्येच बंद झाल्यास तिथे अचानक गुठळी होऊन नवा, बहुधा पहिल्याहून मोठा झटका येऊ शकतो. हे सारे ज्या डॉक्टरांना तोंडपाठ आहे, त्यांच्याच सहीच्या कागदावर ‘१५ दिवस’ छापलेले असावे, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. आमच्या घरी गोळ्या थांबल्या नाहीत, त्याचे श्रेय वॉर्डातील एका सिस्टरना आहे. त्यांनी निघताना आईला बाजूला घेऊन ‘काकू, या दोन गोळ्या कुणी काहीही सांगितले तरी आमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी नाही’ असे सांगितले होते. ते त्यांच्या कामाच्या यादीत नव्हते.

दुसरी उणीव बंद केलेल्या औषधांची होती. सातारच्या रुग्णालयाने सुरुवातीला क्लोपिडोग्रेल दिले होते. पुण्यात ते बदलून टिकाग्रेलॉर करण्यात आले. बदलण्यात गैर काही नाही. पण पुण्याच्या कार्डावर चालू औषधांचीच यादी होती, आधीचे कोणते औषध बंद केले याची नोंद नव्हती, आणि सातारची पाकिटे पिशवीतून आमच्याबरोबर घरी आली. म्हणजे घरात एकाच प्रकारचे काम करणारी दोन औषधे, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या कागदांनिशी, शेजारी शेजारी होती. त्यातच पुढे गावातील एका डॉक्टरांनी, चांगल्या हेतूनेच, ॲस्पिरीन आणि कोलेस्टेरॉलचे औषध एकत्र असलेली कॅप्सूल लिहून दिली. बाजारात अशी जोडऔषधे भरपूर आहेत आणि त्यांच्या नावांवरून आत काय आहे हे सामान्य माणसाला कळत नाही. ॲस्पिरीन त्यामुळे दुप्पट होणार होते. आणि टिकाग्रेलॉरसोबत ॲस्पिरीनची दैनिक मात्रा १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, कारण त्याने टिकाग्रेलॉरचा उपयोगच घटतो असे दिसून आले आहे. ही चूक आमच्या ओळखीच्या औषधविक्रेत्याने दोन्ही चिठ्ठ्या ताडून पाहिल्यामुळे टळली. ‘बंद केलेली औषधे’ असा एक रकाना कार्डावर असता तर ती मुळात संभवलीच नसती.

तिसऱ्या आठवड्यात अण्णांना धाप लागू लागली. जिना चढताना नव्हे, तर बसल्याबसल्या, मधूनच, एक मोठा श्वास घ्यावासा वाटे. टिकाग्रेलॉरचा हा परिचित दुष्परिणाम आहे : २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्लेटो’ या मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी १३.८ टक्के रुग्णांना धाप लागल्याची नोंद आहे, तर क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत हे प्रमाण ७.८ टक्के होते. पण ज्याचे पंपिंग (प्रत्येक ठोक्याला हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते ते) झटक्यानंतर ४० टक्क्यांवर आले आहे, त्याला लागणारी धाप ही हृदय कमी पडत असल्याचीही खूण असू शकते, आणि या दोहोंवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. एक औषध बदलण्याचा प्रश्न आहे, तर दुसऱ्यात रात्रीतून रुग्णालय गाठावे लागू शकते. हा फरक करण्यासाठी दोनचार नेमके प्रश्न विचारावे लागतात. उताणे झोपल्यावर धाप वाढते का, पायावर सूज आहे का, दोनतीन दिवसांत वजन झपाट्याने वाढले का? कार्डावरील क्रमांकावर आम्ही फोन केला तेव्हा स्वागतकक्षाने वॉर्डात जोडून दिले, वॉर्डाने निवासी डॉक्टरांकडे, आणि निवासी डॉक्टरांनी नम्रपणे सांगितले की रुग्ण आता दाखल नसल्यामुळे त्यांना फोनवर काही सांगता येणार नाही, ओपीडीला घेऊन या. त्यांचे म्हणणे नियमाला धरून असेल. मात्र ज्या रुग्णाच्या हृदयात काय आहे हे फक्त त्या इमारतीतल्या नोंदींना माहीत होते, त्याच्याशी बोलायला त्या इमारतीत अधिकृतपणे कोणीच नव्हते.

प्रश्न सुटला तो सातारच्या एमडी डॉक्टरांमुळे. त्यांनी छाती तपासली, वजन पाहिले, ईसीजी काढला, हृदय कमी पडण्याची चिन्हे नाहीत अशी खात्री करून घेतली, आणि पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना स्वतःच्या फोनवरून थेट विचारून औषध बदलले. बदलताना नव्या औषधाची पहिली मात्रा किती आणि केव्हा द्यायची तेही त्यांनी विचारून घेतले, कारण ही अदलाबदल मेडिकलच्या दुकानात ‘हे नाही, ते घ्या’ म्हणून करण्यासारखी नसते. दोन डॉक्टर एका महाविद्यालयात शिकले होते म्हणून हे घडले. ज्या गावच्या डॉक्टरांची पुण्यात अशी ओळख नसेल, त्यांच्या रुग्णाने काय करावे, याचे उत्तर रुग्णालयाच्या व्यवस्थेत नाही. डिस्चार्ज कार्डाची प्रत स्थानिक डॉक्टरांना पाठवण्याचीही पद्धत तिथे नाही. त्यांचे नाव आम्हाला कोणी विचारलेच नव्हते. माझ्या मते या साऱ्या परीक्षणातील मुख्य मुद्दा हाच आहे. घरी आलेला रुग्ण पुण्याच्या तज्ज्ञांचाही असतो आणि सातारच्या डॉक्टरांचाही. पण दोघांपैकी त्याची जबाबदारी कोणाकडे आहे हे लिहून ठेवलेले नसल्यामुळे प्रत्यक्षात ती त्याच्या पत्नीवर येऊन पडते.

ओपीडीतील तपासण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. मुख्य डॉक्टर भेटले तेव्हा त्यांनी मन लावून पाहिले. ते शस्त्रक्रियेत असले की कनिष्ठ डॉक्टर पाहात, आणि प्रत्येक वेळी आजाराची कथा पहिल्यापासून सांगावी लागे, कारण दाखल असतानाच्या नोंदी आणि ओपीडीच्या नोंदी वेगवेगळ्या क्रमांकांखाली आहेत. एसीई इन्हिबिटर गटातील रामिप्रिल हे हृदयावरचा ताण कमी करणारे औषध सुरू केल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) आणि पोटॅशियम तपासतात. ते कार्डावर लिहिलेले होते आणि केलेही गेले. कोलेस्टेरॉलची फेरतपासणी मात्र लिहिलेली नव्हती. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू केल्यापासून ४ ते १२ आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा मोजणे आवश्यक असते, आणि झटका येऊन गेलेल्यांमध्ये ते ५५ मिलिग्रॅमच्या खाली ठेवावे असे युरोपीय हृदयरोग संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. गोळी चालू आहे एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. आम्ही विचारल्यावर तपासणी लिहून दिली गेली, अहवालात एलडीएल अपेक्षेपेक्षा जास्त निघाले आणि दुसरे औषध जोडावे लागले. टूडी इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचेही तसेच. झटक्यानंतर लगेच मोजलेले पंपिंग हे अंतिम नसते; बधिर झालेला स्नायू काही आठवड्यांत सावरू शकतो, आणि ४० दिवसांनंतरही ते ३५ टक्के किंवा त्याखाली राहिले तर काही रुग्णांना आयसीडी हे, ठोके जीवघेण्या रीतीने बिघडल्यास विजेचा झटका देऊन ते सावरणारे यंत्र बसवण्याचा विचार करावा लागतो. म्हणजे या एका फेरतपासणीवर पुढचा मोठा निर्णय अवलंबून असतो. अण्णांचे पंपिंग सुधारले. पण ती तारीख आधी कोणी दिलेली नव्हती, आणि इन्फ्लुएंझाच्या लशीचा उल्लेखही सातारच्याच डॉक्टरांनी केला.

या काळात रुग्णालयातून आम्हाला फोन आले नाहीत असे नाही. समाधानाचे गुण विचारणारा फोन आला, वार्षिक हृदयतपासणीच्या सवलतीचे संदेश आले, आणि ते अगदी वेळेवर आले. याचा अर्थ रुग्णाचा क्रमांक जपण्याची, त्याला ठरलेल्या दिवशी गाठण्याची आणि उत्तर नोंदवून घेण्याची यंत्रणा तिथे आहे. त्याच यंत्रणेतून पहिल्या आठवड्यात एका परिचारिकेने फोन करून दोन्ही गोळ्या चालू आहेत ना, धाप किंवा सूज आहे का, मनगटाची जागा दुखते का, शौच काळी होते का, एवढे विचारले असते आणि पुढे असे काही झाल्यास कोणाला फोन करावा हे सांगितले असते, तर धापेचे प्रकरण आणि दुहेरी ॲस्पिरीनचे प्रकरण या दोहोंचा उलगडा घरबसल्या झाला असता.

हृदयपुनर्वसनाबद्दल, म्हणजे कार्डिॲक रिहॅबबद्दल, जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे ते असते हेच बहुतेक रुग्णांना माहीत नसते. झटक्यानंतर देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला व्यायाम, औषधांची शिकवण, आहार, तंबाखू सोडवणे आणि मनाची काळजी असा हा कार्यक्रम असतो, आणि अमेरिकी व युरोपीय मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस सर्वांत ठाम श्रेणीत केलेली आहे. या रुग्णालयात त्यासाठी विभाग नाही. आम्हाला मिळाली ती आहाराची एक छापील पत्रिका, तीही मधुमेही आणि बिनमधुमेही सर्वांना एकच. ‘हलका व्यायाम करा’ आणि ‘जड कामे टाळा’ ही वाक्ये तिच्यात होती. अण्णांच्या आयुष्यात हलके काय आणि जड काय, हे मात्र कोणी विचारले नाही. ते निवृत्तीनंतर शेती पाहतात. आमच्याकडे शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री असते. पाणी द्यायचे तर रात्री बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीपर्यंत जायचे, मोटार सुरू करायची आणि दारे धरायची. हे काम केव्हा सुरू करावे, एकट्याने करावे का, फावड्याने माती ओढावी का, मोटारसायकल केव्हा चालवावी, हे त्यांचे खरे प्रश्न होते. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो, त्यात नाडी आणि रक्तदाब कसा बदलतो, एवढ्या साध्या चाचणीनेही या प्रश्नांची बरीच उत्तरे देता येतात. ती चाचणी एखाद्या लांब व्हरांड्यातही होते. उत्तर न मिळाल्यामुळे पहिले दोन महिने आईने त्यांना उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नाही, आणि गरज नसताना आलेल्या त्या बैठेपणाने त्यांच्या पायांतली ताकद गेली.

यावर महागड्या यंत्रांचे आणि जागेचे कारण दिले जाते, पण ते पुरेसे नाही. भारतातच झालेल्या ‘योगा-केअर’ या चाचणीत देशभरातील २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्णांना सहभागी करून घेतले होते. झटक्यानंतर तीन महिने योगावर आधारलेला, कमी खर्चाचा पुनर्वसन-कार्यक्रम एका गटाला देण्यात आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू किंवा पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक सिद्ध झाला नाही, कारण अपेक्षेपेक्षा अशा घटनाच कमी घडल्या. परंतु स्वतःच्या आरोग्याबद्दलचे समाधान आणि झटक्यापूर्वीच्या कामांकडे परतण्याची क्षमता या गटात अधिक दिसली. बांधावर परतू इच्छिणाऱ्या माणसासाठी हा दुसरा निष्कर्ष फार मोलाचा आहे. ज्या रुग्णालयात अत्याधुनिक कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करण्याचा कक्ष, आहे, तिथे एक सभागृह, एक फिजिओथेरपिस्ट आणि सतरंज्या यांची सोय होऊ शकते. बाहेरगावच्या रुग्णांसाठी तेच वर्ग फोनच्या पडद्यावर घेता येतील.

मनाच्या अवस्थेबद्दल सहा महिन्यांत एकदाही विचारणा झाली नाही. झटक्यानंतर सुमारे पाचांतील एका रुग्णाला नैराश्य येते, आणि असा रुग्ण गोळ्या व व्यायाम दोन्हींकडे दुर्लक्ष करू लागतो. अण्णा रात्री झोपायला घाबरत असत. ते त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितले. डॉक्टरांनी विचारले असते तर आधी सांगितले असते, कारण त्यांच्या पिढीतील पुरुष अशी गोष्ट मुलांपेक्षा डॉक्टरांजवळ लवकर बोलतात.

खर्चाच्या बाजूनेही पाठपुरावा उपेक्षित आहे, आणि यात दोष एकट्या रुग्णालयाचा नाही. आमच्या विमा पॉलिसीत घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांचा खर्च मिळतो. तो भाग रुग्णालयाच्या टीपीए कक्षाने, म्हणजे विम्याचे दावे पाहणाऱ्या विभागाने, नीट समजावून सांगितला. आयुष्मान भारत योजनेत हीच मुदत १५ दिवसांची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली तेव्हा तिच्यात घरी सोडल्यापासून १० दिवसांपर्यंतची औषधे आणि तपासणी समाविष्ट होती, आणि पुढे तिच्या यादीत ९७१ उपचारांच्या जोडीला १२१ पाठपुरावा-उपचारही वेगळे नोंदवले गेले. म्हणजे पाठपुरावा हा उपचाराचाच भाग आहे हे तत्त्व शासनाला मान्य आहे. तरीही बारा महिने चालणाऱ्या गोळ्यांसमोर दहा, पंधरा किंवा साठ दिवस फार थोडे आहेत. ज्यांच्या स्टेंटचे पैसे योजनेतून भरले गेले, पण तिसऱ्या महिन्याच्या गोळ्यांना पैसे नाहीत, अशी माणसे आमच्या तालुक्यात आहेत. जनऔषधी केंद्रात ॲस्पिरीन, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्वास्टॅटिन ही औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात. कार्डावर औषधाचे मूळ नाव ठळक अक्षरांत असते तर तिथे जाणे सोपे झाले असते. आमच्या कार्डावर बहुतेक ब्रँडचीच नावे होती.

कागदपत्रांबाबत या रुग्णालयाला मी चांगले गुण देतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. आम्ही अँजिओग्राफीची सीडी आणि संपूर्ण नोंदींची प्रत मागितली, ती त्या मुदतीत आणि किरकोळ शुल्कात मिळाली. ही सीडी जवळ असणे अत्यावश्यक आहे, कारण पुढे कुठेही छातीत दुखले तर पाहणाऱ्या डॉक्टरांना तिचाच आधार असतो. अँजिओप्लास्टी झालेल्या प्रत्येकाने ती मागून घ्यावी.

एकंदरीत पाठपुरावा सेवेला मी पाचपैकी दोन गुण देतो. त्यांपैकी एक कागदपत्रांसाठी आणि एक मुख्य डॉक्टरांच्या तपासणीसाठी. झटका आल्यास मी माझ्या माणसाला पुन्हा याच रुग्णालयात नेईन, यात शंका नाही. मात्र घरी निघण्यापूर्वी दोन्ही गोळ्यांची शेवटची तारीख कार्डावर हाताने लिहून घेईन, बंद केलेल्या औषधांवर रेघ मारून घेईन, फेरइको आणि कोलेस्टेरॉलच्या तारखा मागेन, आणि आमच्या सातारच्या डॉक्टरांचे नाव व फोन क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहायला लावीन.

व्यवस्थापनाने आमच्या निवेदनाला लेखी उत्तर दिले. कार्डावरील ‘कालावधी’ रकान्यात दीर्घकाळ चालणाऱ्या औषधांसाठी ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये’ असा मजकूर घालण्यात येईल आणि मराठीत एक पान जोडले जाईल, हे त्यांनी मान्य केले आहे. पहिल्या आठवड्यातील परिचारिकेच्या फोनची सूचना विचाराधीन असल्याचे कळवले आहे. पुनर्वसनाच्या मागणीचा उत्तरात उल्लेख नाही. त्यासाठी आम्ही दुसरे पत्र दिले आहे. अण्णांची दुसरी गोळी बाराव्या महिन्यानंतर चालू ठेवायची की थांबवायची, हा निर्णय अजून व्हायचा आहे. त्या भेटीची वेळ सातारच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आम्ही आताच घेऊन ठेवली आहे, आणि ती झाल्यावर या परीक्षणात मी भर घालीन.